तासाला किती पौंड वाफ? एका रूपांतराची पार्श्वभूमी

साखर कारखान्यात बॉयलरची क्षमता आज 'टीपीएच'मध्ये सांगतात, म्हणजे तासाला इतके टन वाफ. अमेरिकी बनावटीच्या बॉयलरच्या पाटीवर मात्र तासाला इतके पौंड, नाहीतर नुसतेच 'बॉयलर हॉर्सपॉवर' असते. दोन्ही पद्धती वस्तुमानाचा प्रवाहच मोजतात. तो आकडा किलोत आणायचा तर मागचा इतिहास माहीत हवा.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बॉयलरांच्या चाचण्या झाल्या. त्या काळच्या चांगल्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ३० पौंड वाफ लागे, म्हणून तेवढी वाफ देणारा तो एक हॉर्सपॉवरचा बॉयलर, असे ठरले. पुढे व्याख्या नेमकी झाली: १०० अंश सेल्सिअसच्या पाण्यापासून १०० अंशांचीच वाफ, तासाला ३४.५ पौंड. किलोत ते १५.६५ भरते. इंजिने सुधारली, कमी वाफेवर चालू लागली, पण बॉयलरचे माप तेच राहिले. ३०० हॉर्सपॉवरचा बॉयलर आजही तासाला १०,३५० पौंड, म्हणजे सुमारे ४,६९५ किलो वाफेचाच. आणि तीही पाणी आधीच १०० अंशांवर असेल तर. गार पाणी घातले की प्रत्यक्षात कमी मिळते, आणि रूपांतर करताना नेमके हेच विसरले जाते.

खुद्द पौंडाचीही स्थिती डळमळीत होती. ब्रिटिश पौंडाचे मूळ वजन १८३४ साली संसदेला लागलेल्या आगीत गेले आणि नवे घडवावे लागले. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या पौंडांत बारीक फरक होता, तो १ जुलै १९५९च्या करारानंतर मिटला. तेव्हापासून एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो. हा आकडा मुद्दाम ७ने भाग जाणारा निवडला. पौंडात ७,००० ग्रेन असतात, त्यामुळे ग्रेनची किंमतही दशांशात नेमकी बसते.

आपल्याकडचा गुंता वेगळा. १९३९च्या कायद्यातला मण ८० तोळ्यांच्या ४० शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलोंचा. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. त्याआधीच्या इंग्रजी कागदांतला टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोंचा. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, ९०७ किलोंचा. 'तासाला १० टन' असे लिहिलेले जुने यंत्र पहिल्या हिशेबाने १०,१६० किलोंचे, दुसऱ्याने ९,०७२ किलोंचे. हजार किलोंहून जास्त फरक! पौंडातल्या आठव्या दशांशाची काळजी करण्याआधी यंत्र कुठल्या देशाचे आणि कुठल्या सालचे, हे पाहिले पाहिजे.

सेकंदाच्या हिशेबात तासाला एक पौंड म्हणजे सेकंदाला ०.१२६ ग्रॅम, आणि सेकंदाला एक किलो म्हणजे तासाला सुमारे ७,९३७ पौंड.