बियांचं सफरचंद म्हणजे रायवळच

सफरचंदाच्या बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालायच्या आणि दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायच्या, मग मोड येतात (डबीवर नाव लिहा, आमची डबी आईने सडलंय काहीतरी म्हणून फेकली होती). एवढी थंडी कशाला, तर हे झाड मूळचं कझाकस्तानकडच्या तिएन शान डोंगरातलं, हिवाळा काढल्याशिवाय बी जागं होत नाही. तिथल्या अल्माटी शहराच्या नावातच अल्मा आहे, म्हणजे सफरचंद. रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलोव १९२९ मध्ये तिथे गेला, आजूबाजूची रानटी सफरचंदं बघून म्हणाला मूळ इथलंच, आणि २०१० मध्ये सफरचंदाचा जीनोम (सगळ्या जनुकांचा आराखडा) वाचला तेव्हा तेच निघालं.

आता घोळ असा की हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, रायवळ येतो, आणि सफरचंदाचंही तसंच. त्याला बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचेच पराग लागतात, म्हणून एकाच फळातल्या पाच बियांची पाच तऱ्हेची झाडं होतात, त्यातली बरीचशी आंबट-तुरट. म्हणून तर ग्रीक-रोमन काळापासून लोक कलमं बांधतायत. अमेरिकेतला जॉन चॅपमन (१७७४-१८४५) मात्र कलमाच्या विरोधात, सायडर (सफरचंदाची दारू) गाळून उरलेल्या चोथ्यातल्या बिया घेऊन ओहायोकडे रोपं लावत फिरायचा, त्यातली फळं खायला कमी आणि सायडरलाच जास्त.

पण कधीतरी लॉटरी लागते ना! इंग्लंडात साउथवेलला मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये बिया लावल्या, त्यातून आलं ब्रॅम्ली, तिकडचं स्वयंपाकाचं नंबर एक सफरचंद. ब्रॅम्ली कोण, तर पुढे ते घर विकत घेणारा खाटीक! नर्सरीवाल्या पोराने फांद्या मागितल्या तर म्हणाला ने, पण नाव माझं लावायचं. मुलीच्या हाती भोपळा. सिडनीजवळच्या ग्रॅनी स्मिथ या आजीचं नाव तरी तिच्या सफरचंदाला लागलं, ते झाड तर आपोआपच उगवलेलं.

आपल्याकडचं उदाहरण हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा, २०२५ ला पद्मश्री मिळाली त्यांना. सखल, गरम भाग, सफरचंद होणारच नाही असं सगळे म्हणायचे, आणि घरामागे टाकलेल्या बियांतून एक रोप आलं. त्याला फळ धरलं, मग त्याची कलमं प्लमच्या झाडावर बांधली, तीच एचआरएमएन-९९ जात आता महाराष्ट्रातही लोक लावतात. लावतात ती अर्थात कलमं.