नव्या वर्षाचा डेटाबेस आणि ‘पाथ सापडत नाही’

एक एप्रिल उजाडला की सोलापुरात चादरी-टॉवेलच्या व्यवसायात स्टॉक आणि बिलिंगसाठी नव्या वर्षाचा डेटाबेस काढायची घाई सुरू होते. तेव्हा येणारे बरेचसे पाथचे (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइलच्या पत्त्याचे) एरर नवे नसतात, ते चाळीसेक वर्षांपूर्वीच्या निर्णयांचं देणं असतं.

१९८१च्या डॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) फोल्डर हा प्रकारच नव्हता. साधी तिरकी रेघ (/) कमांडच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती. १९८३मध्ये डॉस २.०त फोल्डर आले, तेव्हा ते वेगळे दाखवायला उलटी तिरकी रेघ (\) घ्यावी लागली. पण सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हीच उलटी रेघ आधीपासून खास खूण होती: तिच्यापुढे इंग्रजी ‘एन’ आला की नवी ओळ, ‘टी’ आला की टॅब. म्हणून इंग्रजी अक्षरांत ‘डी:\न्यू\टॉवेल’ असा पाथ कोडमध्ये सरळ लिहिला, तर प्रोग्रॅम मध्येच ओळ तुटलेला पत्ता शोधत बसतो. उलटी रेघ दोनदा द्यायची किंवा साधी रेघ वापरायची. विंडोजला बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात.

१९९५मध्ये विंडोज ९५मुळे फाइलला लांब नावं आणि नावातली मोकळी जागा आली, पण अख्ख्या पाथला २६० अक्षरांची मर्यादा अनेक प्रोग्रॅमना आजही लागू आहे. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला आडकाठी आली. तिथे लिहू पाहणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल विंडोज गुपचूप त्या युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. मग एकाच मशीनवर मालकाला एक स्टॉक दिसतो, मुनीमजींना दुसरा. एरर आलेला परवडला, हे नको.

सर्वाधिक वेळ मात्र सर्व्हरवाल्या डेटाबेसमध्ये जातो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला दिलेला पाथ सर्व्हरच्या मशीनवर शोधला जातो, तुमच्या नाही. नवी पेठेतल्या दुकानातून ‘डी:\स्टॉक’ टाइप केलं आणि सर्व्हर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात असला, तर ते फोल्डर तिथे हवं. सर्व्हर डेटाची फाइल बनवतो, फोल्डर बनवत नाही. मॅप केलेला (म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला अक्षर देऊन बनवलेला) ‘झेड’ ड्राइव्हही त्याला दिसत नाही, कारण मॅपिंग लॉगिनपुरतं असतं आणि सर्व्हरची सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम) वेगळ्या खात्याखाली चालते.

एररमधला ऑपरेटिंग सिस्टिमचा आकडा आधी वाचावा. ३ म्हणजे फोल्डर नाही. ५ म्हणजे फोल्डर आहे, पण परवानगी नाही. ५ आला तर फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएलसर्व्हर’ हे खातं जोडून फुल कंट्रोल द्यावा. खातं शोधताना लोकेशनमध्ये डोमेन (ऑफिसचं सामायिक नेटवर्क) नाही, तर तेच मशीन निवडावं लागतं. नाहीतर ‘नाव सापडत नाही’ म्हणून आणखी तासभर जातो. इन्स्टन्सला (सर्व्हरच्या त्या इन्स्टॉलेशनला) वेगळं नाव असेल तर खात्याचं नावही बदलतं, ते सर्व्हिसेसच्या यादीत ‘लॉग ऑन ॲज’ खाली दिसतं. एसक्यूलाइट या सर्व्हरशिवाय एकाच फाइलमध्ये चालणाऱ्या डेटाबेसचं वेगळंच: फाइलला परवानगी असून भागत नाही. बाजूला जर्नलची (बदलांच्या तात्पुरत्या नोंदीची) फाइल काढावी लागते, म्हणून अख्ख्या फोल्डरमध्ये लिहिता यायला हवं.

एक खोड आपल्या वाट्याची. विंडोजमध्ये देवनागरीला जुन्या धाटणीचं कोडपेजच (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाही, ती फक्त युनिकोडमधून (सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यातून) चालते. त्यामुळे फोल्डरला ‘साठा’ असं नाव दिलं की युनिकोड न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून एरर १२३. अशा सॉफ्टवेअरसाठी ड्राइव्हच्या थेट आत, इंग्रजी अक्षरांतलं, मोकळी जागा नसलेलं छोटं फोल्डर काढावं.