घोरण्याच्या क्लिपची चावी मनाने फिरवू नका

“डॉक्टर, आठवडाभर चावी फिरवायची राहिली. आज सगळ्या फेऱ्या एकदम फिरवू का?” असा फोन आमच्याकडे सारखा येतो. उत्तर एकच आहे: नाही. पण बरेच जण फोन न करताच फिरवतात आणि मग त्रास होतो, म्हणून हे पत्रक.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा तेच. रात्री दातांवर बसवायची ही क्लिप खालचा जबडा पुढे धरून ही वाट मोकळी ठेवते. किती पुढे, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमचा जबडा जेवढा पुढे येऊ शकतो, साधारण त्याच्या निम्म्यावर आम्ही सुरुवात करतो. तिथून पुढे चावीने क्लिपचा स्क्रू फिरवून जबडा हळूहळू पुढे न्यायचा. चावीची एक फेरी म्हणजे पाव मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सारखीच, आणि कार्डावर लिहिलेल्या दिवशीच.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की माणूस रात्री दमून पडतो आणि क्लिप डबीतच राहते. मग भरपाई म्हणून एका रात्रीत पाच-सहा फेऱ्या होतात. सकाळी कानापुढे ठणका लागतो, दाढा एकमेकींना टेकत नाहीत, भाकरी चावता येत नाही. “मला सोसली नाही” म्हणून क्लिप कपाटात जाते. दोन महिन्यांनी पेशंट येतो तेव्हा स्क्रू मागे घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं. निलंगा-उदगीरहून एसटीने येणाऱ्याचे तेवढे हेलपाटे वाढतात, आणि तोवरची प्रत्येक रात्र विनाउपचार जाते.

राहिलेली फेरी राहू द्या. त्या रात्री एकच फिरवा आणि पुढे चालू ठेवा. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल, तर चावीला हात न लावता आधी फोन करा. सकाळी थोडा वेळ चावा वेगळा वाटणं, सुरुवातीला लाळ जास्त सुटणं हे नेहमीचं आहे. त्यासाठी दिलेला सकाळचा तुकडा दातांत धरून हलके चावत जा. पण दुखणं दुपारपर्यंत टिकलं, तर दोन्ही बाजूंना एकेक फेरी मागे घ्या आणि कळवा.

“एवढ्या चकरा कशाला?” असंही विचारलं जातं. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं, असं नाही. घरातले म्हणतात, “आता आवाज येत नाही”, आणि पेशंट येणं बंद करतो. म्हणूनच शेवटी क्लिप तोंडात घालून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या, असा आमचा आग्रह असतो. पहिल्या वर्षी तपासायला आलात तर त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. पुढेही वर्षातून एकदा दाखवा, कारण वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकू शकतात.

नवीन येणाऱ्यांनी झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणावा. त्याशिवाय आम्ही माप घेत नाही, मग कुणाला राग आला तरी चालेल. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडकत असेल तर त्रास सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. तीव्र त्रासात सीपॅप मशीनच (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आधी वापरून बघावं. श्वास मोकळा ठेवण्यात ते क्लिपपेक्षा सरस आहे, हे आम्ही स्वतः सांगतो. चालू असलेलं मशीन आमच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण ज्यांना मास्क सहनच होत नाही, त्यांच्यासाठी क्लिप हा चांगला पर्याय आहे. तिला लाईट लागत नाही, आणि वारीला निघालात तरी डबी पिशवीत मावते.

गुटख्याने तोंड पुरेसं उघडत नसेल, दात हलत असतील किंवा फार थोडे उरले असतील, तर ही क्लिप बसत नाही. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची क्लिप स्वस्त असते, पण ती नीट बसत नाही आणि जबडा मोजून पुढे नेता येत नाही. आमची क्लिप मात्र गरम पाण्यात घालू नका, वाकडी होते. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. नवीन कॅप किंवा फिलिंग करायचं असेल तर आधी सांगा, नाहीतर नंतर क्लिप त्या दातावर चढत नाही.

तपासणीला येताना क्लिप, चावी आणि फेऱ्यांचं कार्ड तिन्ही आणा. कार्डावर राहिलेले दिवस कोरेच ठेवा, मागाहून भरू नका.