टीकॅमची वीज वाचवायची तर नोंदी कशा भरायच्या?

१०० गिगाबिटच्या पोर्टवर ६४ बाइटची पॅकेट्स एकामागोमाग आली, की प्रत्येक पत्ता शोधायला राउटरच्या हाती जेमतेम ६.७ नॅनोसेकंद उरतात. टीकॅम, म्हणजे पत्ते शोधण्यासाठीची खास मेमरी, हे जमवते, कारण ती सगळ्या नोंदी एकदम तपासते. वीजही त्यामुळेच खाते. दर शोधाला प्रत्येक नोंदीची मॅच लाइन (नोंद जुळली का हे सांगणारी तार) आधी चार्ज होते आणि नोंद जुळली नाही की डिस्चार्ज होते. जुळणाऱ्या नोंदी मोजक्याच, म्हणजे बाकी लाखो लाइन्सचा चार्ज वाया.

म्हणून आमच्या चिपमध्ये नोंदींचे ब्लॉक आहेत. पत्त्याच्या पहिल्या १६ बिटांवरून एसरॅममधला (साध्या, वेगवान मेमरीतला) ६५,५३६ ओळींचा तक्ता ब्लॉक ठरवतो आणि तेवढाच जागा होतो. १६ बिटांहून आखूड प्रिफिक्स (नोंदीत दिलेला पत्त्याचा सुरुवातीचा भाग) सामायिक ब्लॉकमध्ये असतात, तो कायम चालू. निवडलेल्या ब्लॉकमध्ये काही जुळले तर तेच उत्तर खरे, कारण तिथला प्रिफिक्स नेहमी लांब असतो आणि राउटर सर्वात लांब जुळणीच धरतो.

२०,९७,१५२ नोंदींचे ६४ ब्लॉक धरले, तर दर शोधाला दोनच जागे होतात आणि मॅच लाइन्सचा खर्च बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. गळतीची वीज (शोध नसतानाही चिपमधून झिरपणारी) मात्र तशीच राहते, त्यामुळे एकूण वापर ३२ पटींनी उतरेल असे धरू नका.

सर्वाधिक तक्रार येते ती 'मेमरी अर्धी रिकामी, तरी रूट (मार्गाची नवी नोंद) चढत नाही' अशी. तेव्हा एखादा ब्लॉक भरलेला असतो. इंटरनेटच्या आयपीव्ही४ तक्त्यात निम्म्याहून जास्त रूट /२४ चे, म्हणजे २४ बिटांच्या प्रिफिक्सचे, आहेत आणि ते सारखे पसरलेले नाहीत. अशा वेळी भरलेल्या ब्लॉकमधला, पहिले १६ बिट सारखे असलेल्या नोंदींचा एक अख्खा गट दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवा. क्रम पाळा: आधी नव्या जागी सगळ्या नोंदी लिहा, मग तक्त्याची ओळ बदला, जुन्या नोंदी सगळ्यात शेवटी पुसा. आधी पुसल्या तर मधल्या वेळेतली पॅकेट्स सामायिक ब्लॉकमधल्या आखूड रूटने भलतीकडे जातात, नाहीतर गळतात.

ब्लॉकच्या आत लांब प्रिफिक्स वर ठेवा. एकाहून जास्त नोंदी जुळल्या तर प्रायॉरिटी एन्कोडर सगळ्यात वरची उचलतो. दोन लांबींच्या मध्ये थोड्या जागा मोकळ्या सोडा, म्हणजे नवा रूट घालताना खालच्या नोंदी सरकवाव्या लागत नाहीत.

चाचणीच्या वेळी सगळे ब्लॉक एकदम जागे करू नका. व्होल्टेज क्षणभर खचते आणि मॅच लाइन चुकीची वाचली जाऊ शकते.