ईस्टरची रात्र सकाळी कशी सरकली

रिकामी कबर, मग्दालिया मरिया, तिसरा दिवस हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ख्रिस्ती माणसाच्या स्वतःच्या श्रद्धेत ईस्टर नेमका कुठे बसतो हे पाहायचे, तर रविवारपेक्षा आदल्या रात्रीकडे पाहावे लागते. कॅथलिक पंथात ही रात्र कित्येक शतके रात्र उरलीच नव्हती.

चौथ्या शतकातल्या जेरुसलेममध्ये बाप्तिस्मा घेणारे प्रौढ या रात्री आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा बोलून दाखवत आणि तीनदा पाण्यात बुडवले जात. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, असे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिले आहे. ते इथे शब्दशः अंगावर घेतले जाई. पुढे आठवडाभर पांढरी वस्त्रे. ख्रिस्त उठला ही त्यांना ऐकलेली बातमी नव्हती, ते स्वतः पाण्यातून उठून आलेले असत.

पुढे तान्ह्या बाळांना जन्मानंतर लगेच बाप्तिस्मा देण्याची रीत रुळली आणि या रात्री पाण्यात उतरायला कोणी उरले नाही. 1215 साली रोममध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने नियम केला, की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि ईस्टरला ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, घ्यावे. नियम चांगल्या हेतूचा असेल, पण व्यक्तीच्या वाट्याला आलेला ईस्टर त्यातून एका कर्तव्यापुरता उरला, असे मला वाटते.

या रात्रीच्या जागरणविधीची वेळही हळूहळू अलीकडे येत गेली. उशिरा रात्री, मग संध्याकाळी, मग दुपारी. 1566 साली दुपारनंतरच्या मिस्सेवर, म्हणजे ख्रिस्तशरीर देण्याच्या उपासनेवर, बंदी आली आणि जागरणविधी चक्क शनिवारी सकाळी होऊ लागला. खिडक्यांतून ऊन आत आलेले, देवळात मोजकी माणसे, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीपाशी गायले जाणारे प्राचीन स्तोत्र म्हणते, ‘हीच ती रात्र’! हे जवळजवळ चारशे वर्षे चालले. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा उपासही शनिवारी दुपारी बारा वाजता सुटायचा.

वाद झाला तो हे सुधारताना. फेब्रुवारी 1951 मध्ये रोमने जागरणविधी पुन्हा रात्री करायला परवानगी दिली, तीही ऐच्छिक आणि प्रयोगापुरती. नोव्हेंबर 1955 च्या आदेशाने तो 1956 पासून सर्वत्र लागू झाला. बारा वाचनांची चार झाली, उपास मध्यरात्रीपर्यंत लांबला. धर्मगुरूंची कुरकुर व्यवहाराची होती: रात्रभर जागून रविवारच्या मिस्सा कोणी करायच्या, म्हाताऱ्या माणसांनी अंधारात यायचे कसे. दुसरा आक्षेप अजून ऐकू येतो. शतकांची वहिवाट तज्ज्ञांनी टेबलावर बसून मोडली, आणि पुढच्या सगळ्या बदलांना तिथूनच वाट मिळाली, असा तो आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण भर उन्हात ‘हीच ती रात्र’ म्हणणाऱ्या वहिवाटीची बाजू घेणे मला जमत नाही.

आमच्या आजीला हे सगळे कोणी समजावले नव्हते. बदल होऊन कित्येक वर्षे लोटली तरी तिचा उपास शनिवारी बारालाच सुटायचा.

1951 च्या विधीत एक गोष्ट अगदी नवी होती. जमलेल्या सगळ्यांनी हातात पेटती मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारायची, आणि लॅटिनऐवजी आपल्या भाषेत उच्चारायची मुभा होती. ज्यांच्या वतीने पाळण्यातल्या वयात धर्ममातापित्यांनी उत्तरे दिली होती, ते पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. तेव्हाचे उत्तर अनेकवचनी होते: ‘आम्ही विश्वास ठेवतो’. 1970 च्या मिस्साग्रंथात प्रश्न अनेकवचनीच राहिला, सगळ्यांना मिळून विचारलेला. उत्तर मात्र ‘मी’ असे एकवचनी झाले.

मराठी कानाला हा फरक लॅटिनपेक्षा जास्त जाणवावा. ‘आम्ही’ म्हटले की बायका-पुरुष सगळेच ‘ठेवतो’. ‘मी’ म्हटले की बाईला ‘ठेवते’ म्हणावे लागते. शेजारच्या बाकावरच्या नवऱ्याच्या क्रियापदात तिला लपता येत नाही.

प्रोटेस्टंट परंपरेची वाट वेगळी. 1732 साली जर्मनीतल्या हेर्नहुट गावी काही तरुण ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमले आणि तिथून सूर्योदयाच्या उपासनेची प्रथा पसरली. मराठी मंडळ्यांतली पहाटेची उपासना याच जातीची. तिथे वचनाचा प्रश्न विचारत नाहीत, पण आपल्या माणसाच्या थडग्यापाशी ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणताना माणूस पुरेसा एकटा असतो.

आणि वेळेचे म्हणाल, तर नियम आजही असा आहे की जागरणविधी पूर्ण अंधार पडल्यावरच सुरू व्हावा आणि रविवार उजाडण्यापूर्वी संपावा. तरीही रहदारी, लहान मुले, शेवटची बस अशी कारणे निघतात आणि कुठे कुठे तो पुन्हा संध्याकाळकडे सरकताना दिसतो.