परसातला तलाव आणि एचओएची परवानगी

अमेरिकेच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला परसात पोहण्याचा तलाव बांधायचा झाला, की शहराच्या परमिटखेरीज बहुतेक वेळा आणखी एक मंजुरी लागते: होमओनर्स असोसिएशनच्या (एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) आर्किटेक्चरल कमिटीची, म्हणजे बांधकामाचे आराखडे तपासणाऱ्या समितीची. तलाव हद्दीपासून किती फुटांवर, पंप कुठे बसणार, पावसाचं पाणी कुणीकडे जाणार, खोदाईचं यंत्र कुठल्या बाजूने आत येणार, हे सगळं नकाशावर दाखवावं लागतं. जमिनीच्या वर उभा राहणारा तयार तलाव तर बऱ्याच वसाहतींत चालतच नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण आपल्या सोसायट्या सहकार कायद्यातून आल्या. एचओएची मुळं खरेदीखतातल्या अटींत आहेत.

एका मालकाने मान्य केलेली अट, ती ठाऊक असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही बांधते, हे तत्त्व १८४८ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरून झालेल्या खटल्यात मान्य झालं. अमेरिकेत बाल्टिमोरचं रोलंड पार्क आणि कॅन्सस सिटीतल्या जे. सी. निकोल्स यांच्या वसाहती याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. घर किती मागे असावं, कुंपण कसं असावं, हे खतातच लिहिलेलं असे. १९३८ च्या नेपॉन्सिट खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वर्गणी वसूल करण्याचा असोसिएशनचा हक्कही मान्य केला.

पण त्याच खतांत माणसांनाही मज्जाव होता, आणि हा भाग टाळून एचओएचा इतिहास सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. सेंट लुइसच्या लाबाडी ॲव्हेन्यूवरच्या घरांवर १९११ पासून ५० वर्षांसाठी अट होती: काळ्या आणि 'मंगोलियन' वंशाच्या लोकांनी तिथे राहायचं नाही. शेली या काळ्या कुटुंबाने १९४५ मध्ये तिथे घर घेतलं, शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं आणि मे १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की असल्या अटींची अंमलबजावणी न्यायालयं करू शकत नाहीत. अशा अटी थेट बेकायदा ठरायला १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट यावा लागला.

शेली निकालाच्या पुढच्याच वर्षी, २१ जून १९४९ ला, सेंट लुइसमधल्याच फेअरग्राउंड पार्कचा सार्वजनिक तलाव सर्वांना खुला झाला. काळी मुलं पाण्यात उतरली आणि बाहेर जमलेल्या गोऱ्या जमावाने काळ्यांना मारहाण केली. महापौरांनी लगेच गोऱ्या-काळ्यांची पूर्वीची विभागणी परत आणली. १९५० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तलाव पुन्हा सर्वांना खुला झाला, तेव्हा गोऱ्यांनी पाठ फिरवली. अनेक शहरांत असंच झालं. मिसिसिपीतल्या जॅक्सनने तर सर्वांना प्रवेश देण्याऐवजी तलावच बंद केले.

गोऱ्यांचं पोहणं मग क्लबांकडे आणि परसांकडे वळलं. युद्धानंतरची सुबत्ता आणि फवारून बसवायचं काँक्रीट, गनाइट, यांचाही त्यात वाटा होताच. १९५० च्या सुमारास जेमतेम अडीच हजार अमेरिकी घरांत जमिनीतले तलाव होते. शतक संपताना ते ४० लाखांच्या घरात गेले. मेरीलँडमधल्या व्हीटन-हेवन या पोहण्याच्या क्लबने १९६८ मध्ये त्याच्या सभासदत्वाच्या हद्दीतच घर घेतलेल्या काळ्या जोडप्याला सभासदत्वाचा अर्जसुद्धा दिला नाही. तो भेदभाव १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला.

दरम्यान १९६० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज विमा यंत्रणेने असोसिएशन असलेल्या वसाहतींना पाठबळ दिलं. रस्ते, बागा, सामायिक तलाव यांचा खर्च रहिवाशांवर गेला, त्यामुळे नगरपालिकाही खूश. १९७० मध्ये सुमारे १० हजार असलेल्या अशा संस्था आज साडेतीन लाखांवर आहेत.

कमिट्यांच्या मनमानीला राज्यांचे कायदे उशिरा वेसण घालू लागले. कॅलिफोर्नियात डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याखाली निर्णय लेखी हवा, नकार असेल तर कारणासह. टेक्सासने २०२१ मध्ये ४० हून अधिक प्लॉटच्या वसाहतींत बोर्डाच्या सदस्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना या कमिटीवर बसायला मनाई केली, आणि नकार मिळालेल्याला बोर्डापुढे सुनावणी मागण्याचा हक्क दिला. त्याच कायद्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम तलावाच्या कुंपणाचं आहे. धातूच्या चौकटीत बसवलेली, आरपार दिसणारी काळी जाळी, सहा फुटांपर्यंत उंच, असोसिएशनला नाकारता येत नाही. लहान मुलाच्या जिवाचा प्रश्न शोभेच्या नियमांत अडकून पडत नाही. तलाव कुठे आणि केवढा, हे मात्र तिथेही कमिटीच पाहते.