घाटातला रस्ता सायकलसाठी कसा निवडावा?

वाईतून पश्चिमेकडे दोन रस्ते डोंगरात शिरतात. एक पसरणी घाट चढून पाचगणीला आणि तिथून महाबळेश्वरला पोहोचतो. दुसरा मेणवलीवरून धोम धरणाकडे वळतो, पाण्याच्या कडेकडेने कृष्णेच्या खोऱ्यात आत आत जातो आणि जोर गावापाशी थांबतो. पुढे महाबळेश्वरचे कडे आणि चढणीच्या पायवाटा. डोंगर तोच, पण सुट्टीच्या दिवशी पहिल्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागलेली असते आणि दुसऱ्यावर एसटी, दुधाचा टेम्पो आणि गावातल्या दुचाक्या एवढीच वर्दळ असते.

पसरणीचा रस्ता रुंद आहे, त्याची देखभालही नीट होते. तरीही दोन-चार दिवसांसाठी सायकल घेऊन वाईला आलेल्या माणसाला मी आधी धोमच्या बाजूला पाठवीन. पहिल्या रस्त्याची गरज दीड-दोनशे किलोमीटरवरच्या माणसांना आहे, दुसऱ्याची फक्त त्या खोऱ्यातल्या गावांना. अनोळखी डोंगराळ मुलखात नकाशा उघडल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की या रस्त्याची गरज कोणाकोणाला आहे? जो रस्ता दोन मोठ्या गावांना जोडतो, त्यावर घाईची वाहने येणारच. जो खोऱ्याच्या टोकाशी संपतो, त्यावर येणारा माणूस बहुधा घरी चाललेला असतो आणि त्याला प्रत्येक वळण पाठ असते.

याच विचाराने जुने, बाजूला पडलेले रस्तेही सापडतात. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा बोगदा सुरू झाल्यावर जुन्या कशेडी घाटातली बरीचशी वाहतूक तिकडे वळली. मात्र अशा रस्त्यांची डागडुजीही मागे पडते. खड्डे, वाहून आलेली खडी आणि तुटके कठडे गृहीत धरूनच तिथे जावे.

गाड्या कमी असल्या की धोका संपला असे मात्र घाटात होत नाही. उतारावर स्वतःचा वेगच मोठा धोका ठरतो आणि त्याचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतके सोपे आहे. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो वजन धरू. सहा टक्के उतारावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर खाली नेणाऱ्या रस्त्यावर, ब्रेक न लावता सोडलेली सायकल ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पोहोचते. तिथे हवेचा रोध गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी करतो आणि वेग वाढायचा थांबतो. दहा टक्के उतारावर हाच आकडा ६५ च्या पुढे जातो.

आता ताशी ५० च्या वेगात वळणापलीकडे म्हैस आडवी उभी दिसली, तर? मेंदूने ओळखून बोटे ब्रेकवर दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २१ मीटर अंतर कापलेले असते. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लावले तरी पुढे २९-३० मीटर लागतात, कारण ब्रेकच्या ताकदीतला काही भाग उतार आधीच खाऊन टाकतो. म्हणजे एकूण ५० मीटर. वेग निम्मा, ताशी २५ ठेवला, तर हीच बेरीज १८ मीटरवर येते. पावसात रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडीवर दाबणाऱ्या ब्रेकची, पकड निम्म्यावर आली, तर ५० च्या वेगाला ९० मीटरही पुरत नाहीत. सह्याद्रीच्या घाटात एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या वळणावर वीस-पंचवीस मीटरपलीकडचे दिसत नाही, असे कितीतरी ठिकाणी घडते. उतरताना समोर किती दिसते, हा रस्ता निवडतानाचा दुसरा मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपग्रहचित्रात बरेचसे मिळते: रस्ता उघड्या पठारावरून जातो की कड्याला चिकटून, झाडीतून जातो की शेतांमधून, आणि वळणे किती दाट आहेत.

ब्रेकच्या उष्णतेची गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. वरच्याच सहा टक्के उतारावर ताशी १५ चा वेग सतत धरून ठेवला, तर ब्रेकमध्ये सुमारे १७० वॅट उष्णता तयार होते. ताशी ३० ला ती २४० वॅटवर जाते आणि ४५ ला उतरून ११० वॅटच्या आसपास येते, कारण त्या वेगाला बरेचसे काम हवाच करते. म्हणजे मधल्या वेगात सतत ब्रेक घासत उतरणे हे ब्रेकला सर्वांत जड जाते. रिम ब्रेक असेल तर ही सारी उष्णता ट्यूबला लागून असलेल्या धातूत साठते. म्हणून जिथे लांबपर्यंत दिसते तिथे पाठ सरळ करून छातीवर हवा घ्यावी, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग पाडावा आणि वळणात ब्रेक मोकळे ठेवावेत. जिथे सलग आंधळी वळणे आहेत तिथे सावकाशच उतरावे आणि मध्ये थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे ४० किलोमीटरमध्ये १२०० मीटरहून जास्त उंची कमी होते. एवढ्या उतरणीत दोन-तीन थांबे आधीच ठरवलेले बरे.

यू-वळणावर एसटी किंवा ट्रक समोर आला तर आणखी एक भूमिती कामाला लागते. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर असलेली बस १४ मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरली, तर मागची चाके मीटरभराहून जास्त आत येतात. चालकाला हे ठाऊक असते, म्हणून तो बस आधी बाहेर घेतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अर्ध्या रस्त्यावर. यात त्याची मग्रुरी नसते, दुसरा मार्गच नसतो. अशा वळणाच्या तोंडाशी बस दिसली की सायकलस्वाराने अलीकडेच थांबून तिला पूर्ण वळू द्यावे. वळणाच्या आतल्या बाजूला बस आणि कठडा यांच्या मधल्या जागेत तर कधीच शिरू नये.

चढाचा धोका वेगळा आहे. दीडशे वॅट ताकद लावणारा साधा सायकलस्वार सहा टक्के चढावर ताशी दहाच्या आसपास चालतो, दहा टक्क्यांवर सहाच्या. एवढ्या मंद गतीत सायकल स्वतःहून तोल सांभाळत नाही. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांसह एका गटाने २००७ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपातली नमुना सायकल ताशी साधारण १५ ते २२ किलोमीटर या पट्ट्यातच आपोआप सरळ राहते. त्याखाली हँडल सतत डावी-उजवीकडे करावे लागते आणि स्वाराला जास्त रुंदी लागते. इथे रस्त्याची रुंदी महत्त्वाची ठरते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले अनेक एकेरी रस्ते ३.७५ मीटर रुंद आहेत. त्यातून अडीच मीटरची बस गेली की सव्वा मीटर उरते, आणि तेवढे डुलत चढणाऱ्या सायकलला पुरत नाही. म्हणजे कोणीतरी साईडपट्टीवर उतरणार. डांबराचे थर चढत जाऊन कडेला वीतभर पायरी तयार झाली असेल, तर तिथे उतरणे म्हणजे पडणेच. बिनवर्दळीच्या रस्त्यावर अरुंदपणा चालतो, वर्दळीच्या अरुंद रस्त्याला मात्र मी साफ नकार देतो.

चढ किती आहे, हे मोबाईलवरच्या आलेखावरून ठरवताना जपावे. अनेक सेवा उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीचा आधार घेतात. तिच्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. सपाटीला हे उत्तम चालते. पण सह्याद्री हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा डोंगर आहे, उभे कडे आणि मधे अरुंद सपाट्या अशा टप्प्यांनी बनलेला. कड्यात खोदलेल्या रस्त्याच्या चौकोनात वरच्या माथ्याची किंवा खालच्या दरीची उंची मिसळते. मग आलेखात १८-२० टक्क्यांचे सुळके उगवतात, जे प्रत्यक्षात नसतात. उलट, खरोखरची छोटी तीव्र चढण कधीकधी सरासरीत बुडून जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगरी रस्त्यांचा चढ साधारणपणे पाच-सहा टक्के ठेवतात आणि अपवादाने सात-आठवर नेतात. त्यामुळे मोठ्या घाटरस्त्यावर सलग २० टक्के दिसले तर बहुधा आकडाच चुकलेला असतो. वाडीवस्तीच्या रस्त्यांना मात्र हा भरवसा देता येत नाही.

मला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा जास्त विश्वासाचा वाटतो. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक. दोन सेंटिमीटर रस्त्याने एकाच दिशेने तीन रेषा ओलांडल्या की चढ सहा टक्के. पाच ओलांडल्या तर दहा. रस्ता रेषांना समांतर पळत असेल तर तो जवळपास सपाट. जलाशयाचा काठ ही निसर्गात उमटलेली समोच्च रेषाच असते. म्हणून भोरजवळचे भाटघर, धोम किंवा मुळशी यांच्या काठाने जाणारे रस्ते ओढ्या-नाल्यांपाशी खालीवर होत असले तरी लांब घाट टाळतात. मुळशीच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी असते, तिकडे आडवारी जावे.

सायकलस्वारांच्या नोंदींवरून बनवलेले ‘हीटमॅप’ पाहायला हरकत नाही, पण ते लोक कुठे जातात एवढेच सांगतात. शहराजवळचे कित्येक ठळक रस्ते रविवारी पहाटेच्या फेऱ्यांमुळे ठळक झालेले असतात. त्याच रस्त्याची दुपारी अकराची अवस्था त्यात दिसत नाही.

वेळेचा विचार रस्त्याइतकाच करावा लागतो. ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कारखान्यांच्या परिसरात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात आणि कित्येकींना मागे दिवाही नसतो. त्या दिवसांत अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचावे. पौष पौर्णिमेच्या यात्रेला वाई-मांढरदेव-भोर रस्ता सायकलचा राहत नाही. सूर्यही लक्षात घ्यावा. सकाळी पश्चिमेकडे निघालात तर मागून येणाऱ्या चालकाला तुम्ही स्वच्छ दिसता, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असते. संध्याकाळी तुम्ही त्याच दिशेने निघालात तर मागचा चालक आंधळा होतो, आणि तो जास्त घातक, कारण तुम्हालाही तो दिसत नाही.

पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर आदल्या दिवशीची खबर हवी. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि त्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. साध्या पावसातही मोऱ्यांवर खडी येते आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते.

ही खबर एसटीच्या स्टँडवर मिळते. वाहतूक नियंत्रकाला किंवा चालकाला विचारावे, ‘दादा, या रस्त्याने एसटी जाते का? आज गेली का?’ एसटी रोज जात असेल तर डांबर बरे आहे आणि चढ आवाक्यातला आहे असे बहुतेक वेळा धरता येते. ‘एसटी नाही, वडाप (खासगी प्रवासी जीप) जाते’ असे उत्तर आले तर चढ खडा किंवा रस्ता फुटलेला असण्याची तयारी ठेवावी. गावात मुक्कामी गाडी असेल तर तिची परत निघण्याची वेळ विचारून घ्यावी. पहाटेच्या अंधारात त्या अरुंद रस्त्यावर भेटणारे सर्वांत मोठे वाहन तीच असते, आणि ती गेल्यानंतर निघालेले बरे.